शिंगांच्या अटीने हरणांचा कळप सुधारतो का? पेन्सिल्व्हेनियातील अनुभवावरून उत्तर

आपण विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपण पिट्सबर्गच्या परिसरात राहता आणि गेले दोन हंगाम कार्यालयातील सहकाऱ्यांबरोबर पांढऱ्या शेपटीच्या हरणांच्या शिकारीला जाता. ज्या नराच्या एकाही शिंगाला ठरावीक टोके नाहीत, त्याच्यावर गोळी झाडता येत नाही, हा अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनिया राज्याचा नियम आपण पाळता. आपल्या गटातील सर्वांत ज्येष्ठ शिकारी म्हणतात की या नियमाने शिकारीची रया गेली, तर दुसरे तितक्याच ठामपणे सांगतात की कळप सुधारला तो याच नियमामुळे. आता गटाने भाड्याने घेतलेल्या साठ एकरांवर याहूनही कडक अट घालण्याचे घाटत आहे: एका बाजूला चार टोके, शिवाय शिंगांचा फाका, म्हणजे दोन शिंगांमधील अंतर, कानांच्या बाहेर, आणि चूक करणाऱ्याला दंड. त्यावर आपले मत मागितले गेले आहे.

माझे उत्तर आधी सांगतो आणि मग त्याची कारणे देतो. शिंगांची अट कोवळ्या नरांना जगायला आणखी एक वर्ष मिळवून देते. हे काम ती खरोखर करते आणि पेन्सिल्व्हेनियात तिने ते केले आहे. त्यापलीकडचे जे श्रेय तिला दिले जाते, म्हणजे वंश सुधारणे, माद्या वेळेवर गाभण राहणे, कळप निरोगी होणे, जंगल सावरणे, त्यांतील बहुतेक तिचे नाही. ते श्रेय माद्यांच्या शिकारीचे, चाऱ्याचे आणि मातीचे आहे. माझे कित्येक शरद ऋतू हरणांचे मांस कापून देणाऱ्या दुकानांच्या मागच्या अंगणात, एकेक जबडा उघडून वय ठरवण्यात गेले आहेत, आणि मी पुढे जे लिहितो आहे त्याचा पाया मुख्यतः तेच काम आहे.

प्रथम शिंगाविषयी. मराठीत आपण चितळाच्या आणि काळविटाच्या डोक्यावर जे असते त्या दोहोंनाही शिंगच म्हणतो, पण त्या दोन अगदी वेगळ्या वस्तू आहेत. काळविटाचे शिंग पोकळ असते आणि आयुष्यभर टिकते. चितळ, सांबर आणि इथले पांढऱ्या शेपटीचे हरीण यांचे शिंग भरीव हाडाचे असते, दरवर्षी गळते आणि दरवर्षी नव्याने उगवते. इथल्या नराचे शिंग वसंतात फुटू लागते, उन्हाळाभर मखमली त्वचेखाली वाढते, सप्टेंबरच्या सुमारास ती त्वचा झाडांवर घासून निघते आणि हिवाळ्यात शिंग गळून पडते. एवढे हाड काही महिन्यांत उभे करायचे तर शरीराकडे शिल्लक असावी लागते. दीड वर्षाच्या नराचे स्वतःचेच शरीर अजून वाढत असते, म्हणून त्याच्या वाट्याला लहान शिंगे येतात. स्थूलमानाने पूर्ण क्षमतेच्या पाव ते एक तृतीयांश. अडीच वर्षांचा झाला की तो निम्म्याच्या पुढे जातो आणि पाच ते सात वर्षांच्या दरम्यान शिखर गाठतो. म्हणजे मोठे शिंग हवे असेल तर पहिली गरज वयाची आहे, आणि ही साधी गोष्ट शिंगांच्या अटीमागील सगळ्या विचाराचे मूळ आहे.

परंतु इथेच एक खाच आहे, जी बहुतेक वादांत विसरली जाते. वय वाढले की शिंग वाढते हे खरे असले, तरी टोके मोजून वय कळत नाही. चांगल्या मातीवर, पोटभर चाऱ्यावर वाढलेल्या दीड वर्षाच्या नराला आठ टोके असलेली मी कितीतरी वेळा पाहिली आहेत, आणि हलक्या जमिनीवरील अडीच वर्षांच्या नराला चारच. वय सांगतो तो जबडा. सुमारे दीड वर्षापर्यंत खालच्या जबड्यातील तिसरी दाढ ही तीन उंचवट्यांची दुधाची दाढ असते, ती पडून तिथे दोन उंचवट्यांची पक्की दाढ येते, आणि त्यामुळे दीड वर्षाचा नर व त्याहून मोठा नर हा फरक जाणत्या माणसाला काही सेकंदांत करता येतो. कायद्याला मात्र जबडा उपयोगाचा नाही, कारण गोळी झाडण्यापूर्वी तो दिसत नाही. म्हणून कायदा वयाऐवजी शिंग मोजतो. अटीचे सगळे यश आणि सगळे अपयश हे माप त्या त्या ठिकाणी वयाशी किती जुळते यावर ठरते.

पेन्सिल्व्हेनियाला ही अट का लागली हे समजण्यासाठी शंभर वर्षे मागे जावे लागेल. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या राज्यातील लांडगे आणि प्यूमा संपले होते आणि बेबंद शिकार व जंगलतोड यांमुळे हरणेही जवळजवळ संपली होती. १८९५ मध्ये राज्याचे गेम कमिशन, म्हणजे शिकार आणि वन्यप्राणी यांचा कारभार पाहणारे खाते, स्थापन झाले, १९०६ पासून बाहेरून हरणे आणून सोडण्यात आली आणि १९०७ च्या कायद्याने माद्यांची शिकार बंद झाली. त्या काळासाठी हा निर्णय योग्यच होता. कळप फोफावला, पण मादी म्हणजे बियाणे, तिला हात लावायचा नाही, ही समजूत घराघरांत इतकी घट्ट बसली की हरणे जंगलाला पेलवेनाशी झाल्यावरही ती सुटेना. दुसऱ्या बाजूला नरावर मात्र मर्यादा अशी नव्हतीच. तीन इंचांचे एक सरळ शिंग किंवा दोन टोकांचा एक फाटा दिसला की नर मारण्यास पात्र ठरे. परिणाम असा, की मारल्या जाणाऱ्या शिंगाळ नरांपैकी सुमारे ८० टक्के नर जेमतेम दीड वर्षाचे असत. अडीच वर्षांचा नर दिसणे ही काही भागांत आठवणीत राहणारी गोष्ट होती.

२००२ मध्ये गेम कमिशनने शिंगांची अट लागू केली. तेव्हा हरीण विभागाची धुरा गॅरी आल्ट यांच्याकडे होती. ते त्याआधी अस्वलांवरील संशोधनासाठी राज्यभर परिचित होते. राज्याच्या बहुतांश भागात एका बाजूला किमान तीन टोके आणि सुपीक पश्चिम भागात चार टोके अशी ती अट होती. पश्चिमेत कोवळ्या नरांचीही शिंगे मोठी असतात, म्हणून तिथे माप वर नेले. दीड वर्षाच्या नरांपैकी निम्म्याहून अधिक नर त्या हंगामात वाचावेत हा हेतू होता. पुढे पश्चिम भागातील नियम बदलून ‘कपाळाजवळचे पहिले टोक सोडून वर तीन टोके’ असा झाला, आणि आपण ज्या पिट्सबर्ग परिसरात शिकार करता तिथे हाच लागू आहे, हे कृपया लक्षात ठेवावे. टोक धरायचे तर ते बुडापासून किमान एक इंच हवे. मुख्य दांड्याचा शेंडा मात्र कितीही लहान असला तरी टोक म्हणून मोजला जातो.

आता परिणाम पाहू. अटीपूर्वी, २००१-०२ च्या हंगामात, राज्यात सुमारे २,०३,००० शिंगाळ नर मारले गेले होते. अटीच्या पहिल्या हंगामात हा आकडा सुमारे १,६५,००० वर आला आणि २००४-०५ पर्यंत सुमारे १,२४,००० पर्यंत घसरला. आपल्या गटातील ज्येष्ठांना जे आठवते ते हेच आहे, आणि त्यांची आठवण खोटी नाही. मात्र त्याचे कारण एक नव्हते. पहिल्या हंगामातील घट ही अटीचीच होती, कारण जे नर पूर्वी मारता आले असते ते त्या वर्षी सोडून द्यावे लागले. पण हे नुकसान एकदाच सोसायचे असते, कारण सोडलेल्या नरांपैकी जे जगतात ते पुढच्या वर्षी मोठे होऊन हजर होतात. त्यानंतरची घट मुख्यतः माद्यांच्या वाढवलेल्या शिकारीची होती. २००२-०३ मध्ये ३,५०,००० हून अधिक बिनशिंगी हरणे, म्हणजे माद्या आणि पाडसे, मारली गेली, आणि तो हेतुपुरस्सर घेतलेला निर्णय होता. कळप लहान केला की त्यातून जन्मणारे नरही कमी होणारच. दोन्ही बदल एकाच सुमारास आल्यामुळे लोकांच्या मनात त्यांची गाठ कायमची बसली, आणि आजही माद्यांच्या परवान्यांवरचा राग शिंगांच्या अटीवर निघताना मी ऐकतो.

पुढे काय झाले तेही पाहावे. २०२०-२१ च्या हंगामात शिंगाळ नरांची संख्या सुमारे १,७५,००० होती, आणि अलीकडच्या वर्षांत मारल्या जाणाऱ्या शिंगाळ नरांपैकी ढोबळमानाने दोन तृतीयांश अडीच वर्षांचे किंवा त्याहून मोठे असतात. पाचातील चार कोवळे असण्यापासून तीनातील दोन प्रौढ असण्यापर्यंतचा हा प्रवास एका पिढीच्या आत झाला. कापणीच्या दुकानात जबडे तपासताना मला हा बदल बोटांना जाणवला आहे. वयोरचनेपुरते बोलायचे तर वाद मिटलेला आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

मग तोटा कोठे होतो? याचे सर्वांत बोलके उदाहरण मिसिसिपीचे आहे. तिथे १९९५ मध्ये राज्यभर चार टोकांचा नियम आला. दोन्ही शिंगांची मिळून चार टोके, इतका तो सैल होता, आणि सुपीक जमिनीवरचे कितीतरी कोवळे नर ते माप पहिल्याच वर्षी ओलांडत. आता विचार करावा: दीड वर्षाचे दहा नर आहेत, त्यांतील सहांची शिंगे चांगली म्हणून ते मारण्यास पात्र ठरतात, आणि चार नर शिंगे खुरटी म्हणून वाचतात. पुढच्या वर्षी त्या कळपातील अडीच वर्षांचे नर कोण? बहुतांश तेच खुरटे. शेतकऱ्याने कणसांतील भरदार कणसे विकून किडकी बियाण्याला ठेवावीत असाच हा प्रकार झाला. तिथल्या अभ्यासकांना काही सार्वजनिक जमिनींवर नेमके हेच आढळले, की नियमानंतर अडीच आणि साडेतीन वर्षांच्या नरांची सरासरी शिंगे पूर्वीच्या त्याच वयाच्या नरांपेक्षा लहान झाली होती. मिसिसिपीने पुढे टोके मोजणे सोडले आणि दोन शिंगांमधील आतले अंतर किंवा मुख्य दांड्याची लांबी हे माप स्वीकारले, तेही विभागागणिक वेगळे.

टेक्सासने २००२ मध्ये सहा काउंट्यांपासून, म्हणजे जिल्ह्यांसारख्या विभागांपासून, असाच मार्ग धरला. तिथे शिंगांचा आतला फाका १३ इंच हवा, कारण सावध उभ्या असलेल्या नराच्या दोन कानांच्या टोकांमधील अंतर साधारण तेवढेच असते, म्हणजे मोजपट्टी नराच्या डोक्यावरच असते. शिवाय ज्याचे एक शिंग अगदी सरळ, विनाफांदी आहे असा नरही तिथे मारता येतो. त्यामुळे खुरट्यांनाच तेवढे संरक्षण मिळण्याचा धोका कमी होतो. फाका वयाशी टोकांपेक्षा बराच अधिक जुळतो, आणि नवा नियम लिहायचा झाला तर मी फाक्याच्याच बाजूने कौल देईन. ही पद्धत पुढे टेक्सासच्या शंभराहून अधिक काउंट्यांत पसरली.

टेक्सासचा विषय निघालाच आहे तर मराठी वाचकांसाठी एक गोष्ट नमूद करतो. आपले चितळ १९३२ मध्ये टेक्सासात आणले गेले आणि आज तिथल्या डोंगराळ भागात ते मोकळे फिरतात. त्याला मात्र शिंगांची अट नाही, कारण तो तिथला मूळचा प्राणी नाही. आणि असती तरी टोके मोजण्याचा उपयोग झाला नसता: प्रौढ चितळाच्या प्रत्येक शिंगाला बहुधा तीनच टोके असतात, मग तो चार वर्षांचा असो की आठ, आणि त्याची शिंगे वर्षातील कोणत्याही महिन्यात गळतात. एका प्राण्याला लागू पडणारे माप दुसऱ्याला लागू पडेलच असे नाही, हे ताडोबात चितळ पाहिलेल्या कोणालाही चटकन पटेल.

आपल्या दुसऱ्या सहकाऱ्यांचा मुख्य दावा वंशाविषयी आहे: मोठ्या शिंगांचे नर जगले की ते अधिक माद्यांशी मीलन करतील आणि त्यांची संतती मोठ्या शिंगांची होईल. गुरांच्या पैदाशीत हे चालते, कारण तिथे वळू आपण निवडतो आणि कोणत्या गाईला तो दाखवायचा हेही आपणच ठरवतो. रानात तसे नसते. एकच मोठा नर सगळ्या माद्या ताब्यात ठेवतो हे चित्र पांढऱ्या शेपटीच्या हरणांना लागू नाही. इथे अनेक नर थोड्याथोड्या माद्यांशी मीलन करतात, दीड वर्षाचे नरसुद्धा त्यात असतात, आणि पितृत्वाच्या चाचण्यांत तर जुळ्या पाडसांच्या सुमारे पाव जोड्यांचे बाप दोन वेगवेगळे निघाले आहेत. त्यात निम्मा वारसा आईकडून येतो, आणि आईच्या डोक्यावर शिंगच नसते, म्हणजे तिची निवड करायला काही मापच नाही. दक्षिण टेक्सासातील एका विस्तीर्ण रँचवर कित्येक वर्षे हेलिकॉप्टरमधून जाळी टाकून नर पकडण्याचा आणि त्यांतील कमी प्रतीच्या शिंगांचे वेचून मारण्याचा प्रयोग झाला आणि तितक्या कठोर निवडीनंतरही पुढच्या पिढ्यांची शिंगे सुधारली नाहीत. जे हेलिकॉप्टर आणि जाळी वापरून साधले नाही ते साठ एकरांवरच्या नियमाने साधेल, अशी आशा आपण बाळगू नये.

याच्या उलट बाजूने, विनाफांदी शिंगाचा कोवळा नर, ज्याला इथले शिकारी ‘स्पाइक’ म्हणतात, तो वाईट वंशाचा म्हणून आधी मारावा, हा सल्लाही आपल्याला कोणीतरी देईल. तो मानू नये. असे शिंग बहुधा उशिरा जन्म, आईचे कोवळे वय किंवा पहिल्या उन्हाळ्यातील अपुरा चारा सांगते. मिसिसिपीत हलक्या जमिनीवरील हरणांना बंदिस्त जागेत उत्तम खुराक दिला गेला, तेव्हा त्यांच्या पुढच्या पिढ्यांनी सुपीक जमिनीच्या हरणांची बरोबरी केली. म्हणजे अडचण रक्तात नव्हती, ती आईच्या पोटातल्या आणि नंतरच्या चाऱ्यात होती.

नर-मादी प्रमाणाविषयी फार अतिशयोक्ती चालते. एका नरामागे वीस माद्या, असे मी कितीतरी सभांत ऐकले आहे. जरा हिशेब करून पाहावा. नर आणि मादी पाडसे जवळपास सारखीच जन्मतात. समजा दरवर्षी प्रौढ माद्यांपैकी ३० टक्के आणि नरांपैकी ८० टक्के मरतात; तरीही स्थिर कळपात हंगामाच्या सुरुवातीला एका नरामागे सुमारे पावणेतीनच माद्या असतील. अटीमुळे नरांचे मरण ६० टक्क्यांवर आले तर हे प्रमाण एकास दोन होईल. सुधारणा आहे, पण अद्भुत काही नाही. वीण वेळेवर होण्याचा मुद्दाही असाच आहे. पेन्सिल्व्हेनियात अटीपूर्वीही प्रौढ माद्यांपैकी ९० टक्क्यांहून अधिक माद्या गाभण राहत होत्या आणि मीलनाचा ऐन काळ नोव्हेंबरच्या मध्यास होता. अटीनंतरही तो तिथेच आहे. मीलनाची वेळ दिवसाच्या लांबीवर बांधलेली आहे, नरांच्या वयावर नाही.

मला सर्वाधिक कळकळीने जे सांगायचे आहे ते माद्यांविषयी आहे. कळपाची खरी प्रत म्हणजे शरीराचे वजन, पाडसांचे जगणे आणि पायाखालचे जंगल. हरणे जास्त झाली की ओक, मेपल यांची रोपे खाऊन संपतात, रानफुले जातात, आणि ज्याला हरणे तोंड लावत नाहीत असे नेचेच जमिनीवर गालिच्यासारखे पसरते. पेन्सिल्व्हेनियाच्या उत्तर भागात तासन्‌तास चालून गुडघाभर उंचीचे एकही ओकचे रोप मला दिसले नाही, असे दिवस गेले आहेत. अशा रानातला नर सहा वर्षे जगला तरी त्याचे शिंग त्या रानाइतकेच असणार. नर मारला किंवा सोडला, पुढच्या वसंतात जन्मणारी पाडसे तितकीच राहतात. संख्या वळते ती मादीवर. राज्याच्या वायव्येस सुमारे ७४,००० एकरांवर २००० पासून किन्झुआ क्वालिटी डीअर को-ऑपरेटिव्ह नावाचा प्रकल्प चालला. तिथे जमीनमालक, वनशास्त्रज्ञ आणि शिकारी यांनी मिळून माद्यांच्या शिकारीवर भर दिला; हरणांची दाटी कमी झाली, रोपे पुन्हा दिसू लागली आणि हरणांची वजनेही वाढली. २००२ नंतर ज्यांना कळप सुधारल्यासारखा वाटतो, त्यांनी दोन्ही बदलांपैकी कोणते श्रेय कोणाचे हे वेगळे करून पाहावे. आल्ट यांनी राज्यभर फिरून शिंगांची अट लोकांपुढे मांडली तेव्हा तिचा एक मोठा उपयोग हाच होता: मोठे नर पाहण्याच्या आशेने पुष्कळ शिकारी माद्यांच्या शिकारीला तयार झाले. माझ्या मते अटीने जंगलावर केलेला सर्वांत मोठा उपकार हा असा आडवाटेने झालेला आहे.

एक धोकाही नोंदवतो. क्रॉनिक वेस्टिंग डिसीज हा मेंदूचा जीवघेणा रोग हरणांत पसरतो आणि प्रौढ नरांत त्याचे प्रमाण प्रौढ माद्यांच्या जवळजवळ दुप्पट आढळते. शिवाय कोवळे नरच घर सोडून दूर जातात आणि रोग बरोबर नेऊ शकतात. मिसूरीने २००४ पासून घातलेली शिंगांची अट २०१२ मध्ये रोगग्रस्त भागातून याच कारणासाठी काढून टाकली. पेन्सिल्व्हेनियातही हा रोग २०१२ पासून आहे. आपल्या जमिनीच्या आसपास तो आढळला असेल तर नरांना मुद्दाम म्हातारे होऊ देण्याच्या कोणत्याही योजनेला मी विरोध करीन.

आता शिकारीविषयी, कारण आपल्या ज्येष्ठ सहकाऱ्यांचे दुखणे तिथे आहे. शिकार चांगली झाली का, याचे उत्तर शिकाऱ्याला काय हवे यावर अवलंबून आहे. पूर्वी हंगामाच्या पहिल्या दिवशी गटातील तिघा-चौघांना नर मिळत आणि संध्याकाळी तळावर ते टांगलेले असत. आता एखाद्यालाच मिळतो, पण तो मोठा असतो. पेन्सिल्व्हेनियातील बहुसंख्य शिकाऱ्यांना हा बदल मान्य आहे. ज्यांना तो मान्य नाही त्यांना अडाणी समजू नये. पहिल्या नराची आठवण ही त्यांच्यासाठी कुटुंबाची आठवण असते आणि नियमाने तिचे रूप बदलले हे खरे आहे. राज्याचा नियम मुलांना सवलत देतो, ती योग्यच आहे. मी ज्या एका खासगी गटाला काही वर्षे सल्ला देत होतो, तिथे गटाची अट कायद्याहून कडक होती आणि दंडही होता. पंधरा वर्षांच्या एका मुलाने कायद्याने मारता येणारा पण गटाच्या मापात न बसणारा नर मारला आणि दंडाच्या भीतीने तो ओढ्याकाठी झुडपात टाकून दिला. दोन दिवसांनी तो सापडला तेव्हा मांस वाया गेले होते, आणि त्या मुलाने पुन्हा बंदूक उचलली नाही. तो दंड काढून टाका असे मी आधीच ठणकावून सांगायला हवे होते. मी सांगितले नाही, याचे मला आजही वाईट वाटते.

आता आपल्या साठ एकरांचे. एक चौरस मैल म्हणजे ६४० एकर; आपली जमीन त्याच्या दशांशापेक्षाही लहान आहे. पेन्सिल्व्हेनियात गळ्यात रेडिओ पट्टे बांधून केलेल्या अभ्यासात असे दिसले की कोवळ्या नरांपैकी सुमारे ७० टक्के नर दीड वर्षाचे होईपर्यंत जन्मभूमी सोडतात आणि सरासरी आठ किलोमीटर दूर जाऊन स्थिरावतात. म्हणजे आपल्या रानात जन्मलेला नर बहुधा दुसऱ्याच्या रानात मोठा होईल, आणि आपण ज्याला सोडून देता तो त्याच दुपारी कुंपणापलीकडे कोणाच्या तरी नेमाखाली जाऊ शकतो. शेजारच्या दहा-बारा जमीनमालकांना बरोबर घेता आले तर गोष्ट वेगळी. केवळ आपल्या जमिनीवरील कडक अटीने नरांच्या वयात मोजता येईल असा फरक पडणार नाही. त्यात आपल्या पश्चिम भागात राज्याची अट आधीच चढी आहे आणि बहुतेक कोवळ्या नरांना ती वाचवते आहे. चार टोके आणि कानांबाहेरचा फाका या जोडअटीने त्यात फारशी भर पडणार नाही. मात्र तीन वर्षांचा, शिंगे उंच पण अरुंद असलेला नर तिच्यामुळे कायमचा सुटेल, आणि तेवढ्या वेळात त्याच झाडाखालून गेलेल्या चार माद्या कोणी मारलेल्या नसतील.

म्हणून बैठकीत माझा सल्ला असा मांडावा. राज्याच्या नियमावर भर घालू नये आणि दंड तर मुळीच ठेवू नये. ज्याला मोठ्या नराची वाट पाहायची आहे त्याने स्वेच्छेने पाहावी. त्याऐवजी प्रत्येक सदस्याने मादीचा परवाना काढावा आणि तो वापरावा. आपल्या परिसरात माद्यांचा हंगाम इतर भागांपेक्षा लांब असतो तो त्यासाठीच. मारलेल्या प्रत्येक हरणाचा खालचा जबडा जपून ठेवावा, त्यावर तारीख, वजन आणि मादी असल्यास कासेत दूध होते की नाही हे लिहिलेली चिठ्ठी बांधावी. दीड वर्षाच्या नरांचे वजन वर्षागणिक वाढते की घटते हे पाहावे, कारण चाऱ्याची स्थिती तेच सर्वांत आधी सांगते. आणि येत्या वसंतात रानाच्या मध्यभागी तीन-चार मीटर लांबी-रुंदीचा एक तुकडा उंच जाळीने बंद करावा. जाळीच्या आत रोपे उठली आणि बाहेर उठली नाहीत, तर माद्यांचे परवाने आणखी वाढवावेत. दोन्हीकडे सारखीच उठली, तर हरणांची संख्या ठीक आहे असे धरावे आणि नरांच्या वयाचा विषय शेजाऱ्यांना बोलावून पुन्हा काढावा. तीन हंगामांचे जबडे जमले की ते मला दाखवायला आणावेत. वयाची नोंद मी करून देईन.